जाळीपलीकडचा चेंडू

माझ्या वडिलांचं इंग्रजी बेताचंच, पण त्यातलं एक वाक्य जन्मभर त्यांच्या मानगुटीवर बसलं. 'बॉल इज इन देअर कोर्ट.'

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्य भारत हे नवं राज्य झालं आणि उज्जैनची त्यांची कचेरी बंद पडली. कचेरीतल्या लोकांना नव्या सरकारात घेणार होते, पण त्यासाठी अर्ज करायचा होता. वडिलांचा अर्ज ग्वाल्हेरला रवाना करताना त्यांचे साहेब हे वाक्य बोलले. साहेब टेनिस खेळायचे. चेंडू जाळीपलीकडे गेला, आता त्यांनी मारायचा, तुम्ही थांबायचं, असा अर्थही त्यांनी समजावून दिला. वडिलांना तो फारच पटला. आमच्या घराण्याची चाकरी दरबारातली. तिथे एकदा अर्जी दिली की पुन्हा आठवण करून देणं म्हणजे बेअदबी. साहेबांच्या खेळाचा नियम आणि आजोबांचा रिवाज एकच निघाला, मग काय विचारता!

शेजारचे काका त्याच कचेरीतले. ते मात्र उठसूट ग्वाल्हेर गाठून अधिकाऱ्यांच्या दारात ठाण मांडायचे.

"दादा, चला ना माझ्यासोबत," ते वडिलांना म्हणायचे. "चेहरा दाखवल्याशिवाय काम नाही होत तिथे."

"आपण अर्जी दिली, बात खतम. आता त्यांची बारी," वडील म्हणायचे.

काकांना नोकरी मिळाली. तेव्हा आई वडिलांना म्हणाली, "अहो, एकदा तरी जाऊन पूछताछ करा ना. माझ्यासाठी करा." ते गेले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आजही येतो. फ्रीगंजातल्या एका कापडाच्या दुकानात ते गिऱ्हाइकांना थान उलगडून दाखवू लागले. तात्पुरतं, असं म्हणायचे. कचेरीच्या काळ्या कोटाला आई दर रविवारी ऊन दाखवायची. बोलावणं आलं की लागेल म्हणून.

पुढे मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. काकांची तिकडे बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा वडील दुकानात होते. मी आईजवळच उभी होते.

"वहिनी," काका खाली बघत म्हणाले, "दादांची अर्जी ज्या दफ्तरात होती ना, ते तर केव्हाच उठलं. साहेब लोकही इकडे तिकडे झाले. कागद कुठे गेले, कोणालाच पत्ता नाही."

जाळीपलीकडे खेळायला कोणी उरलंच नव्हतं. आईने हे वडिलांना कधीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तिने कोट पुन्हा उन्हात टाकला.