गुण्याकाकूंची भिंत

कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी काकू पर्समधून सुताराचा गुण्या काढून आधी दाराची चौकट तपासत. काटकोन चुकलेला दिसला की यजमानीणबाईंना तोंडावर सांगत, "तुमचा सुतार चोर होता." आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सगळे गुण्याकाकूच म्हणत. मी त्यांच्या शेजारच्या दारातली. माझ्या डायनिंग टेबलाला त्यांनी चारचौघांत लंगडं म्हटलं, तेव्हा मी महिनाभर अबोला धरला होता.

त्यांचे यजमान टेम्पोने दुकानांना मसाले पोचवायचे. अर्धांगाचा झटका आला आणि भिंत धरल्याशिवाय काकांना पाऊल टाकता येईना. परक्या ठिकाणी पडेन या धास्तीने त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. लॉज नको, नातेवाईक नकोत, पण रोज म्हणायचे, "एकदा समुद्र दाखव गं." शेवटी काकूंनी पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या टेम्पोच्या हौद्यावर खोली बांधायला घेतली.

सेक्रेटरी खवळले. "टेम्पोच्या केबिनच्या टपावर इंचभर जरी काही दिसलं, तर उचलून फेकीन!"

"नाही दिसणार," काकू म्हणाल्या. त्यांनी छत वर-खाली होणारं केलं आणि भिंती बिजागऱ्यांवर आडव्या पडणाऱ्या. सगळं मिटलं की टपाच्या दोन बोटं खाली. घ्या!

"मग भिंतींऐवजी कापडच लावा की," मी अक्कल पाजळली.

"कापड धरून चालतील का हे?" काकू फाडकन म्हणाल्या. 

पण प्लायची पहिली भिंत भलतीच जड झाली. ती उचलताना काकूंची कंबर धरली. मी म्हटलं, एखादा माणूस बोलवा. "रस्त्यात कुठून आणू माणूस? जी भिंत मला एकटीला उचलत नाही, ती माझ्या कामाची नाही." ती मोडली. दुसरी हलकी होती, पण खांदा टेकताच वाकली. तीही मोडली. तिसऱ्या वेळी दोन पातळ प्लायच्या मध्ये थर्माकोल दाबून चिकटवला आणि आठवडाभर वजनाखाली ठेवला.

खोली उभी राहिल्यावर काकांना आम्ही दोघींनी धरून वर चढवलं. अख्खी सोसायटी गॅलरीत उभी. त्यांनी भिंतीवर तळवा टेकला, मग हळूहळू सगळा भार टाकला. चार पावलं चालले. "हलत नाही गं," म्हणाले. काकू गुण्या घेऊन उगाच कोपरा तपासत बसल्या. मी मात्र ढसाढसा रडले.

दोन हिवाळे काकू टेम्पो हाकत होत्या आणि काका पोटभर समुद्र बघत होते. मग काका गेले.

तेरावं झालं आणि सेक्रेटरी आले, या खेपेला मऊ आवाजात. "काकू, आता काका नाहीत. हे काढून टाकू या ना?"

माझं डोकंच फिरलं. पण काकूंनी मला हातानेच थांबवलं, टेम्पोत चढल्या आणि भर दुपारी त्यांच्यादेखत छत वर ढकललं. टपाच्या चांगलं चार फूट वर. भिंती उभ्या करायला लागल्या, तशी मी हात लावायला पुढे झाले.

"हात काढ!" केवढ्यांदा ओरडल्या.

शेवटची भिंत उभी राहिली. काकांच्या तळव्याने जिथला रंग घासून गेला होता, तिथे हात टेकून काकूंनी दम खाल्ला.

"आता ही धरून चालायची पाळी माझी आहे," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "घ्या उंची मोजून."