आईला न पटलेला दुसरा सीझन

पहिल्या सीझनवर आईचा भलताच जीव. एका हातानं पूल पेलणारी, दरीतून ट्रक ओढून काढणारी ती सुपरहिरो बाई पडद्यावर हिंदीत बोलायला लागली, की आई निवडायचं सूप बाजूला सारायची. दुसरा सीझन यायच्या आत आईलाच लकवा मारून गेला. पाय सावरले, बोलणं सावरलं; उजवा हात काही परत आला नाही. मी चिखलीच्या शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत उंद्रीला आईकडे आले आणि आम्ही मायलेकी रोज दुपारी नवे भाग बघायला बसलो.

या सीझनमध्ये सुरुवातीलाच त्या बाईची ताकद जाते. लोकांनी मोबाइलवर शिव्या घातल्या, मारामारी नाही, नुसतं रडगाणं म्हणे. डोकी फिरलीत यांची! पूर येणार हे कळल्यावर तीच बाई दारोदार फिरते, दोर धरून म्हाताऱ्यांना पार नेते, तळहात सोलून निघतात तरी सोडत नाही. पहिल्या सीझनमध्ये याच्या नखाचीही सर येईल असं काही नव्हतं, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. त्या भागाला आई पडद्याच्या अगदी पुढ्यात सरकून बसली होती.

शेवटच्या भागात मात्र आभाळातून वीज पडते, ताकद परत येते, आणि बाई फुटलेलं धरण एकटी अडवते. मी टाळ्या वाजवल्या. आईनं डावा हात झटकला.

"बकवास हाये. मेहनत केली तिनं, अन् शेवटी इजेनं फुकट देल्लं. ज्याच्यावर इज पडत नाई त्यानं काय करावं मंग?"

मी म्हटलं, अगं, सुपरहिरोला ताकद नको का? तर म्हणे दोरवालीच खरी होती, लिहिणाऱ्यालाच दम निघाला नाही. आमच्या घरात नवस-अंगारे कधीच नव्हते, तेव्हा चमत्कारावर आईनं चिडणं नवं नव्हतं. पण तिचे डोळे भरले, आणि गोष्ट मालिकेची राहिली नाही हे मला कळलं.

आमच्या गल्लीत कुरडयांच्या पाळ्या असतात. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. पहाटे गव्हाचा चीक शिजला की साऱ्याजणी आपापला सोऱ्या घेऊन हजर. त्यात आई कायम पुढे. यंदा तिला कोणी हाकच मारली नाही. वाईटपणा नव्हता हो, उलट मायाच. बिचारीला कशाला त्रास, म्हणून आमच्या वाटणीच्या कुरडया परस्पर करून, वाळवून, डबा भरून घरपोच आणून दिल्या. आईनं तो डबा अजून उघडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आई फडताळात सोऱ्या शोधायला लागली. जाऊ नको, हसं होईल, असं मी सांगून पाहिलं. होऊ दे, म्हणाली, आणि निघाली.

शेजारच्या अंगणात कागद अंथरलेला होता. आई न बोलावता पाट ओढून त्याच्या कडेला बसली. तिनं सोऱ्या दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला, डाव्या हातानं चीक भरला, झाकण लावलं आणि दांडा फिरवला. पहिली कुरडई पडली ती नुसता गुंता. एकजण मदतीला वाकली, तर आईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती तिथंच थांबली. दुसरी तुटली. मग आईला कुठं युक्ती सापडली: हात दांड्यावर, आणि गोल फिरवायचे ते गुडघे! तिसरी अख्खी उतरली. आई स्वतःच आधी हसली, मग सारं अंगण हसलं, आणि मी तर रडत रडत हसत होते. ऊन अंगावर येईपर्यंत कागदाची अख्खी कड आईनं भरली होती. कुठं लांबट, कुठं तिरकी, पण एकही तुटलेली नाही. जिंकली माझी माय!

उठताना तिच्या वयाच्या मैत्रिणीनं, जिच्याकडे उद्याची पाळी होती, आईच्या कुरडयांची ती ओळ कंबरेवर हात ठेवून न्याहाळली.

"उद्या माह्या घरी ये. अन् जराशा गोल पाडजो, लय वाकड्या केल्या तुनं."

आजारपणानंतर पहिल्यांदाच कोणीतरी आईच्या कामाला नावं ठेवली होती. आई घरापर्यंत ताठ मानेनं चालत आली.