चित्राला लागलं तेवढं पाणी

आमच्या मामाला गावात सगळे रंगारी म्हणायचे, आणि त्याला ते मुळीच आवडायचं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवून तो पोट भरायचा, पण स्वतःला समजायचा चित्रकार. खरं सांगायचं तर तो होताच. सुटीच्या दिवशी घडीचं स्टूल काखोटीला मारून वरच्या उतारावर जायचा आणि समोरची दरी काढायचा. एकच दरी, चाळीस वर्षं.

"दरी काय पळून जाणार आहे का रे?" माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याला चिडवायची.

पळून नाही गेली, पण दरवर्षी थोडीथोडी कमी होत गेली. पलीकडची टेकडी खाणवाल्यांनी पोखरली. ट्रकसाठी रस्ता आला, शाळेच्या भिंतीला तडे गेले, वाळत घातलेले कपडे पांढऱ्या धुळीने कडक व्हायला लागले. मामाच्या चित्रात यातलं काही म्हणजे काही यायचं नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, टेकडी अर्धी गेलीय!" तर म्हणाला, "मला अजून पूर्ण दिसते." आता अशा माणसापुढे डोकं आपटायचं, दुसरं काय!

दरीत एक ओढा होता आणि त्याच्या काठी आईचा मळा. वडील गेल्यावर त्या मळ्यातल्या भाजीवर तिने आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. खाणवाल्यांनी वरचे झरे खणले आणि ओढा आटला. आम्ही तक्रार केली, तर ते म्हणतात कसे, हा ओढा मुळात पावसापुरताच, उन्हाळ्यात आधीपासून कोरडा. धडधडीत खोटं. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी व्हायची, पण तुटायची कधीच नाही. ओढा बारमाही होता हे सिद्ध झालं, तर खाणीला मागे सरावं लागणार होतं. नाहीतर मळ्यासकट सगळा काठ त्यांच्या घशात जाणार होता.

पण पुरावा आणायचा कुठून? लग्नाचे फोटो घरोघरी होते, ओढ्याचा फोटो कोण काढून ठेवतो? तेव्हा आईलाच सुचलं. मामा प्रत्येक चित्राच्या मागे तारीख घालायचा.

तालुक्याच्या कचेरीत सुनावणीला आम्ही सतरा चित्रं चादरीत गुंडाळून नेली. सगळी भर उन्हाळ्यातली, सगळ्यांत पाणी. साहेबांच्या खोलीत ती भिंतीला ओळीने टेकवली तेव्हा आईचा चेहरा असा उजळला की मलाही वाटलं, जिंकलो. मामाने नवा सदरा घातला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची चित्रं इतक्या लोकांनी एकत्र पाहिली असतील.

खाणवाल्यांचा वकील फार गोड बोलायचा. त्याने दोन चित्रं शेजारी ठेवली. "काका, हे झाड इथे ओढ्याच्या डावीकडे आहे. पुढच्या वर्षी उजवीकडे. झाडं चालतात का तुमच्या गावात?"

लोक हसले. मामाही हसला, भाबडा. "चित्राची ती बाजू रिकामी वाटत होती, म्हणून सरकवलं."

"बरोबर. आणि पाणी?"

"पाणी होतं! बारीक होतं."

"इथे तर चांगलं हातभर रुंद दिसतंय."

मामाने वाकून चित्र जवळून पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, खोटं बोल, मामा, एकदाच बोल. पण ज्याने जन्मभर कागदावर बिनदिक्कत थापा मारल्या, त्याला तोंडाने एक मारता येईना.

"मी रुंद केलं," तो म्हणाला.

"किती?"

"चित्राला लागलं तेवढं."

साहेबांनी चष्मा काढला आणि चित्रं घेऊन जायला सांगितली. महिन्याभरात निकाल आला. ओढा पावसाळी ठरला.

मळा गेला. आई माझ्याकडे शहरात आली, लेथ मशीनच्या कारखान्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत. तिथे दिवसभर जमीन थरथरायची. ती मामाशी तीन वर्षं बोलली नाही. तो फोन करायचा, मी तिच्या कानाला लावायची, ती भिंतीकडे तोंड करायची. मला दोघांचा राग यायचा आणि दोघांची कीवही यायची. मामाने चित्रं काढणं सोडलं होतं. पाट्याही आता मशीनवर छापून मिळायला लागल्या होत्या.

मग आईने अंथरूण धरलं. एका सकाळी आपणहून म्हणाली, "त्याला सांग, मला ओढा काढून दे म्हणावं."

आठवड्याने मामा आला. बराच वाळला होता. त्याने कागद उलगडून तिच्यासमोर धरला. उन्हाळ्यातला ओढा होता. तापलेले दगड, खरवडलेले काठ, झाड डावीकडे, जिथे होतं तिथेच. तिचा कपडे धुवायचा दगडही होता, कोपरा उडालेला. आणि मधून करंगळीएवढी धार.

आईने धारेवर बोट ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत हळूहळू नेलं. ती कुठे तुटत नव्हती.

"एवढंच होतं की रे," ती म्हणाली. "एवढंच पुरलं असतं."

मामाने मान खाली घातली. कागद त्याने तसाच धरून ठेवला होता, तिचं बघून होईपर्यंत.