तळहाताचा वास

"हात दाखवा बघू!"

आजारी जनावर घेऊन कोणीही गेलं, की आमचे गुरांचे डॉक्टर आधी माणसाचाच हात ओढत आणि तळहात नाकाशी नेत. नवखा माणूस गांगरून जाई. "अहो, आजारी कुत्रा आहे, मी नाही!"

"काय खायला घालता ते तोंड लपवतं. हात लपवत नाही."

तुम्ही म्हणाल, विक्षिप्तच माणूस. होतेच. पण आमच्या मिरकरवाडा बंदरातली निम्मी कुत्री-मांजरं त्यांच्याच हातून बरी झाली.

मी जाळी विणतो. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे दाराशी आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला, बाळूला, बायकोने पोटच्या पोरासारखा वाढवला. रोज बांगड्याची मुंडकी शिजवून भातात कुस्करून घालायची. पुढे तो ओकायला लागला, वाळत गेला. डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आतड्यात गाठ. ती कापून काढली आणि तिचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवला.

त्या दिवसापासून बायकोने मासळीला हात लावला नाही. "माझ्या हातचं खाऊनच झालं," एवढंच म्हणायची. तिला घास गिळेना. खरं सांगतो, मला बाळूपेक्षा तिचीच भीती वाटायला लागली.

तपासणीचा निकाल आला. डॉक्टर म्हणाले, "त्या गाठीतला एक जीन बिघडलाय."

बायकोने कपाळावर हात मारला. "तरी ह्यांना सांगत होते, तिन्हीसांजेला त्याला पिंपळाखालून नेऊ नका! लागला ना शेवटी जिन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. मलाच विचारलं, "जाळं विणताना एक गाठ चुकली तर?"

"पुढची सगळी वीण बिघडते."

"तसंच हे. जुन्या पेशीवरून अंगात नवी पेशी तयार होते. तिथे एकदा चूक झाली आणि तीच पुढे विणली गेली. भूतबीत काही नाही."

"पण चुकवलं कोणी?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी तिचा तळहात हुंगला. "कोणीच नाही. बांगड्याने नाही, तुम्ही नाही. ह्या हातात दोष नाही, वहिनी."

ती तिथेच ढसाढसा रडली. त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली. बाळू पुढे फार जगला नाही, पण शेवटपर्यंत तिच्या हातचा बांगडा खाऊन गेला.

गेल्या वर्षी डॉक्टरांच्याच आतड्यात गाठ निघाली. देवाला दुसरी जागा मिळाली नाही काय, असं मी रागाने बोलूनही गेलो. ते काही वाचले नाहीत.

आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्यांची बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. "तिखटाचं भारी वेड त्यांना. मीच वाढत राहिले हो, ह्याच हातांनी."

माझी बायको उठली, त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांचा हात ओढून तिने नाकाशी नेला.

"ह्या हातात दोष नाही, वहिनी."