शेवट पाहिल्याशिवाय शिव्या द्यायच्या नाहीत

सलीम गेला तेव्हा आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं.

भांडण एका व्हिडिओ गेमवरून. हसा खुशाल. दोघंही पंचेचाळिशी ओलांडलेले.

भोरच्या एसटी स्टँडजवळ सलीमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. मागच्या खोलीत एक टीव्ही, एक कन्सोल आणि दोन रिमोट. कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणतो.

गेम तलवारबाजीचा. त्याचं इंग्रजी नाव कुणालाच धड म्हणता यायचं नाही, म्हणून आमच्यात तो 'तलवारवाला'. पहिला भाग तरुणपणी खेळलो. आतापर्यंत सात आले.

सलीमचं मत ठाम होतं. तिसऱ्या भागानंतर सगळं बिघडलं.

"पयल्या तीन भागांत हिरोला दम लागायचा. धा वार केले की थांबायचा. म्हणून डोकं लावून खेळावं लागायचं. चौथ्यापासनं गडी दमतच न्हाई. बटनं दाबत बसा नुसती!"

माझं म्हणणं उलट. नंतरच्या भागांत गोष्ट चांगली आहे, माणसं खरी वाटतात.

आमच्यात तिसरा राजगडाच्या पायथ्याच्या पालीचा दत्ता. ट्रेकर्सना गडावर नेतो. त्याची तक्रार वेगळीच.

"कडा बगा की केवढा! आन् ह्यो पळत वर. घामाचा थेंब न्हाई. ह्याला एकदा भर उन्हात आमच्या वाटंनं आणा. बॅग मी घेतो त्याची."

भिंतीवर सलीमने स्केचपेनने लिहिलेला एक कागद होता.

'शेवट पाहिल्याशिवाय शिव्या द्यायच्या नाहीत.'

नवा भाग आला की आधी पूर्ण खेळायचा, मग मत द्यायचं. नसरापूरहून कुणी येऊन व्हिडिओत ऐकलेलं मत सांगायला लागला, की सलीम त्याच्या हातात रिमोट द्यायचा.

"संपव. मग बोल. तवर चहा सांगतो."

मला हा नियम जड जायचा. मी तालुक्याच्या बातम्या देणारा माणूस. संध्याकाळी सहाला मजकूर गेलाच पाहिजे, तोवर कळलं असेल तेवढ्यावर. गेमचंही तसंच. दोन तास खेळलो की माझा निकाल तयार.

"काय संपादक, मॅच चालू हाय तवरच निकाल छापला व्हय?"

मी कधीच संपादक नव्हतो. सलीमपुरता मात्र शेवटपर्यंत होतो.

मग त्याचं हृदयाचं दुखणं निघालं. दुकानाच्या तीन पायऱ्या चढला तरी थांबायचा. भिंतीला हात टेकून हसायचा.

"मी तिसऱ्या भागातला हिरो. दम लागतो, पण क्वालिटी बघ."

त्याच सुमारास सातवा भाग आला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे तुटून पडले होते. मालिका संपली, कंपनीने पाट्या टाकल्या, वगैरे.

सलीम मागच्या खोलीत उशीला टेकून खेळत होता. मी शेजारी, दत्ता दाराशी. तासाभराने मी म्हणालो, "तुझंच बरोबर होतं रे. तीननंतर यात काही राम नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वाटलं, त्याला बरं वाटेल.

त्याने रिमोट खाली ठेवला.

"संपवलास?"

"नाही."

"तुला आवडतोय का न्हाई? खरं सांग."

मी टीव्हीकडे बघितलं. आवडत होता.

"मग मला कशाला जिंकवतोस? आजारी हाय म्हणून सूट?"

मी काहीतरी बोलायला गेलो. त्याने हाताने थांबवलं. दम घेतला.

"घरी समदे माझ्या व्हयला व्हय करत्यात. डॉक्टर बी गोड बोलतो. तू भांडतोस म्हणून मी हितं येऊन बसतो. तू बी तसलाच झालास तर मी जायाचं कुठं?"

टीव्हीवर हिरो उभ्या उभ्या तलवार पुसत होता.

"तिसरा भाग भिकार होता," मी म्हणालो. "शेवट तर घाईघाईत गुंडाळलेला."

सलीमचा चेहरा उजळला.

"आत्ता कसं! दत्ता, तीन चहा सांग. ह्याला बिनसाखरेचा."

पुढचे दोन महिने मी खेळायचो आणि तो बोलायचा. "डावीकडं, डावीकडं! आंधळा हायेस का लेका?" सहाच्या बातम्याही मी तिथूनच पाठवल्या. छान गेले ते दिवस. हे मी अगदी शांतपणे लिहू शकतो.

शेवटचा एक टप्पा राहिला आणि सलीम गेला.

नंतर मी रिमोटला हात लावला नाही. ग्रुपवर पोरं विचारायची, "सर, सातव्याबद्दल तुमचं फायनल काय?" मी उत्तर दिलं नाही. नियम होता.

आज वर्ष झालं.

सकाळी सलीमच्या घरी त्याच्यासाठी दुवा मागून फातेहा झाली. शबाना वहिनींनी गोड भात केला होता. दुकान आता त्याच चालवतात. स्क्रीन बदलायला सलीमपेक्षा त्यांचा हात जलद आहे, हे गिऱ्हाइकंही सांगतात.

जेवण झाल्यावर दुकानात गेलो. वहिनींनीच टीव्हीचा प्लग लावला.

"भाऊजी, तेवढं संपवा आज. ह्यांना अर्धवट ठेवलेलं आवडायचं न्हाई."

दत्ता पालीहून आलाच होता. अडीच तास लागले. शेवटच्या लढाईत मी नऊ वेळा मेलो. दत्ता मागून ओरडत होता, "डावीकडं, डावीकडं!" वहिनी दोन गिऱ्हाइकांच्या मधे डोकावून जायच्या. "अजून न्हाई व्हय झालं?"

झालं.

सलीम, लढाया पोकळ आहेत. तेवढं तुझं खरं. कडा तो अजून पळतच चढतो, हे दत्ताचं खरं.

पण शेवट फार चांगला आहे. तिसऱ्यापेक्षा कितीतरी चांगला.

तू हरलास.

शेवट पाहून लिहितोय, सूट न देता. माझ्याकडून तुला हीच श्रद्धांजली, मित्रा.