पाहुण्यांकडे पाठ करणारे बैल

"पेंटर, ह्ये बैल हिरीत जीव द्यायला निघालं का वो?"

मी शिडीवर होतो. खाली एक म्हातारबाबा मुंडासं मागं सारून माझी भिंत बघत होते. मिरजगावचे दगडूबाबा. एसटी चुकली, पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून समोरच्या स्टँडवरून रस्ता ओलांडून आलेले.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. नगरमधल्या एका छोट्या संग्रहालयाच्या बाहेरच्या भिंतीवर मी जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास रंगवत होतो. जुन्या शहरात पाणी आणणारे खापरी नळ, मग मोट, शेवटी भंडारदऱ्याचं धरण. शाळेची मुलं आणायची, भिंतीपुढं उभी करायची आणि इतिहास शिकवायचा, ही क्युरेटरसाहेबांची, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांची, कल्पना. माझं हे पहिलंच मोठं काम. पसंत पडलं तर आतल्या दालनाची भिंतही मलाच मिळणार होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी.

"काय चुकलं?" मी जरा गुर्मीतच विचारलं.

"मोट भरून वर आलीया, आन् बैलांची तोंडं हिरीकडं? अवं, बैल हिरीपासनं लांब जातो तवा मोट वर येती. खाली सोडताना तो मागं मागं सरकतो. आमी जलमभर हाकली."

मी नगरच्या पेठेत वाढलेला, मोट फक्त पुस्तकात पाहिलेली. त्यात साहेबांची सूचना होती, की पाहुणे फाटकातून येणार, तेव्हा बैलांची तोंडं फाटकाकडं हवीत. मी खुशाल तशी केली.

गप्प बसावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण उद्याची मुलं कर्जत-मिरजगावकडचीच होती. ती बैलांना हसली असती आणि मग खापरी नळही त्यांना खोटेच वाटले असते. मी साहेबांना गाठलं.

"आता?" साहेब उखडले. "पाहुण्यांना काय शेपट्या दाखवायच्या? आणि एवढं बघतंय कोण?"

"म्या बघितलं की," मागून दगडूबाबा म्हणाले.

मग त्यांनी माझ्या परांचीचा दोर घेतला, वरच्या बांबूवरून टाकला आणि एका टोकाला पाण्याची बादली बांधली. दुसरं टोक आमच्या हातात दिलं. "सायेब, तुमी बैल व्हा. पेंटर जोडीला. चला बादलीकडं."

आम्ही चाललो. दोर ढिला पडला, बादली जागची हलली नाही.

"आता पाठ करा आन् वढा."

बादली डुलत वर गेली. साहेबांच्या पांढऱ्या पँटीवर पाणी उडालं आणि साहेब चक्क हसत सुटले. "लई गुनी बैल हाय," बाबांनी शेरा मारला.

मी तोंडं फिरवायला घेतली. आमच्याकडं खाका नावाचा प्रकार असतो. कागदावर चित्र काढायचं, रेघांवर सुईनं भोकं पाडायची आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. भिंतीवर ठिपक्यांचं चित्र उमटतं. जुने बैल पांढऱ्या रंगाखाली गेले. रंग वाळल्यावर तोच खाका उलटा लावला. दिवस मावळायच्या आत बैल वळले होते. बाबांची दुसरी एसटीही गेली. त्यांना चहा साहेबांनी पाजला.

दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे भिंतीपुढं थबकले. "या बैलांनी आमच्याकडं पाठ का केलीय?"

मी साहेबांकडं पाहिलं.

"बैल वळवले तर मोट वर येत नाही," साहेब ऐटीत म्हणाले. "मी स्वतः ओढून पाहिलीय."

मुलांनी माना डोलावल्या. कसला आनंद झाला मला!

आतली भिंत मलाच मिळाली. तेव्हापासून रंग लावण्याआधी कोळशाचं रेखाटन मी दोन दिवस तसंच उघडं ठेवतो. एसटी चुकलेल्या माणसाइतकं बारकाईनं चित्र दुसरं कुणी बघत नाही.