टँकरची रांग आणि वर्गाचं दार

बाबांची कंपनी बंद पडली त्या वर्षी मी सातवीत होते. रत्नागिरीकडून येऊन वसईजवळच्या मनवेलपाड्यात चाळीतली एक खोली घेतली होती, तेवढीच आमची मिळकत. पहिले काही महिने बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला बाहेर पडायचे. मग शर्ट घालून घरातच बसायचे. मग शर्टही खुंटीवर गेला. ते भिंतीकडे तोंड करून आडवे पडलेले असायचे आणि आई वसईला एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला जायची.

चाळीला नळ होता, पाणी नव्हतं. टँकर यायचा, पण कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. आई कामावर, म्हणजे रांगेत मी. एकदा आई बाबांना म्हणाली, "तुम्ही उभे राहा की. पोरीची शाळा बुडते."

"बायकांच्या रांगेत उभा राहू? एवढंच राहिलंय आता."

आई डबा उचलून कामाला निघाली. आमच्या घरात बोलणं असं मध्येच संपायचं.

टँकर आला की पाण्यासाठी शाळा बुडायची ती एकच दिवस. पुढचे दिवस बुडायचे ते वेगळ्या कारणानं, आणि ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. आमच्या बाई गैरहजर राहिलेल्या मुलांना वर्गाच्या दाराशी उभं करायच्या. "काल कुठे होतीस?" सगळा वर्ग वळून बघायचा. पाणी भरत होते, हे काही माझ्या तोंडातून निघत नसे. बिल्डिंगमधल्या मुलींकडे टाकी होती, पंप होता. मी सांगायचे, ताप होता. मागून कुणीतरी म्हणायचं, "बाई, हिला टँकरबरोबर ताप येतो." ते हसणं ऐकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीही घरी राहिलेलं बरं वाटायचं. आणि दोन दिवस गेले की ते दार आणखीच नकोसं व्हायचं. सकाळी खरोखर पोटात दुखायचं. आई ओवा द्यायची आणि वैतागायची, "नाटकं पुरे गो. मी एकटी काय काय बघू?" तिचं तरी काय चुकलं. तिला कोण विचारत होतं?

दिवाळीची सुट्टी संपली तरी मी गेलेच नाही. शाळा सुटली, असं मनाशी धरून बसले होते. चाळीतल्या दोघींची अशीच सुटली होती. कुणी काढलं नाही, कुणी रागावलं नाही, त्या नुसत्या जायच्या थांबल्या.

एका दुपारी टँकर आला. मी पिंपात पाइप धरून उभी होते, तेवढ्यात शाळा सुटून वर्गातल्या मुली रस्त्यानं येताना दिसल्या. मी पाइप सोडला आणि पिंपाआड बसले. पाणी रस्त्यावर वाहायला लागलं. बायका माझ्यावर तुटून पडल्या, "अगं ए, झोपलीस काय? पाणी काय तुझ्या बापाचं आहे?"

तो गलका ऐकून बाबा दारात आले. आता मार बसणार, असं मला वाटलं. त्यांनी त्या मुलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाइप उचलून पिंपात सोडला आणि माझ्याशेजारी उकिडवे बसले. मुली लांब गेल्यावर हळूच म्हणाले, "पोटात दुखतं ते यांच्यापायी?"

"बाई दाराशी उभं करतात. कुठे होतीस, विचारतात."

त्यांनी पिंपातला पाइप सरळ केला.

"मलापण विचारतात," ते म्हणाले. "सध्या काय करता म्हणून. म्हणून मी नाक्यावर जात नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीवरचा शर्ट घातला आणि मला घेऊन निघाले. नाक्यावरूनच. कुणीतरी हाक मारलीच, "काय मग, लागलात वाटतं कुठे?" बाबा "नाही" म्हणाले आणि चालत राहिले. वर्गाच्या दाराशी माझ्याआधी ते उभे राहिले. बाईंना म्हणाले, "घरी पाणी भरायला माणूस नव्हतं. म्हणजे मी होतो, पण भरत नव्हतो. आता भरीन. हिला विचारू नका."

वर्गात कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "बस गं जागेवर."

मग रांगेत बाबा. बायका टोमणे मारायच्या, "भाऊजी, वहिनी माहेरी गेल्यात काय?" "नाही, पोरगी शाळेत गेलीय." "मग उद्या साडी नेसूनच या, नंबर लवकर लागेल." त्या हसायच्या. बाबा हसायचे नाहीत. पिंप भरून झालं की आत येऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे. त्यांना परत नोकरी मिळाली नाही. आई गाळ्यात वाकून वाकून वाकलेलीच राहिली. चाळीतल्या त्या दोघींसाठी वर्गाच्या दाराशी कुणी उभं राहिलं नाही. त्या धुण्याभांड्यांच्या कामाला लागल्या. आणि माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच बाबा गेले. कॉलेज आतून कसं असतं, ते त्यांनी पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर माझी शाळा पाण्यासाठी एकदाही बुडली नाही. मी बी.ए. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.